आत्याचंही विचारा : कोल्हापूर जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
तसेच जिल्ह्यातले वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्यसेविका, गटप्रवर्तक आणि आशाताई

विषय : स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीत दोन्हीकडच्या घराण्याची चौकशी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, आपण भरून घेतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि मग घराण्याचा प्रश्न : आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का? पुढे बायकांसाठी वेगळे प्रश्न येतात. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, आकारात फरक पडलाय का. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हे फॉर्म भरले, आशांकडून भरून घेतले, तपासून सह्या केल्या. त्यात स्तनाच्या कॅन्सरची विचारणा लक्षणांपाशी होते, घराण्यापाशी होत नाही. आईला, मावशीला, आत्याला, आजीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, हा प्रश्न मी भरलेल्या एकाही फॉर्ममध्ये नव्हता. तो विचारला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी आपल्याच खात्यातली निवृत्त आरोग्य सहाय्यिका. राधानगरी आणि करवीर तालुक्यांत नोकरी झाली. पण आज खात्यातली म्हणून लिहीत नाही. माझ्या घरात जे घडलं ते तुमच्या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत घडत असणार, म्हणून लिहिते आहे.

माझी आत्या अडतिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. मी तेव्हा शाळेत होते. घरात ‘तिला गाठ झाली होती’ एवढंच बोललं जायचं. पुढे माझ्या थोरल्या बहिणीला एकेचाळिसाव्या वर्षी तोच आजार निघाला, तोही ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या ज्यावर चालत नाहीत तो. शहरातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “आईला होतं का?” नव्हतं. “मावशीला?” तिलाही नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं : कौटुंबिक इतिहास नाही. ऑपरेशन झालं, केमो झाली, ताई बरी झाली. उपचारांत कुणी हयगय केली नाही, हे मी मनापासून सांगते. फक्त आत्याचं कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी आत्याच्या मुलीचं पोट फुगायला लागलं. गॅसेसची औषधं झाली, जेवणातली पथ्यं झाली, आणि मग सोनोग्राफीत अंडाशयाचा कॅन्सर दिसला, तिसऱ्या टप्प्यातला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तिला मुंबईला टाटाला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढायला बसल्या. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, कॅन्सर झालेल्याचा आकार गडद, गेलेल्यावर तिरकी रेघ. आत्याचा गोल गडद झाला, त्यावर रेघ आली. ताईचा गोल गडद झाला. मधे माझ्या वडिलांचा चौकोन पांढराच राहिला, कारण त्यांना काहीच झालं नव्हतं. त्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, “हे यांच्यातून आलंय.” आतेबहिणीची टेस्ट झाली आणि बीआरसीए-1 जनुकात बिघाड निघाला. ताईचीही मग झाली, तिच्यातही तोच निघाला.

ताईच्या आजारपणात कुणी आत्याचं विचारलं असतं, तर आत्याच्या मुलीला वेळेत सावध करता आलं असतं. तिची अंडाशयं आणि गर्भनलिका त्याआधी काढता आल्या असत्या. मूलबाळ झालेलं होतं, वय चाळिशीच्या आतलं होतं, ऑपरेशन दुर्बिणीतून होण्यासारखं होतं. ती आता नाही.

बाप निरोगी असून त्याच्यातून हा बिघाड कसा येतो, हे आपल्या आशांना नीट समजलं पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुकं तुमच्या-माझ्या सगळ्यांत असतात, पुरुषांतही. पहिलं सतराव्या गुणसूत्रावर आहे, दुसरं तेराव्या. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक सांधण्याच्या कामात या जनुकांची प्रथिनं लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. नदीवर दोन मोटारी बसवलेल्या असल्या की एक जळाली तरी दुसरीवर उसाला पाणी मिळत राहतं, तसं हे आहे. जिला एक प्रत जन्मतःच बिघडलेली मिळाली, तिचं शरीर कितीतरी वर्षं दुसऱ्या प्रतीवर सुरळीत चालतं. पण स्तनातल्या किंवा अंडाशयाकडच्या एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली की त्या पेशीतली दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि त्यातून गाठ तयार होऊ शकते. म्हणजे वारशानं कॅन्सर येत नाही, त्याचा धोका येतो. आणि एक प्रत आधीच गेलेली असल्यामुळे आजार बऱ्याचदा लवकर गाठतो, पस्तिशी-चाळिशीत, कधी त्याच्याही आधी.

अपत्याकडे हा बिघाड जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी, देणारा बाप असो वा आई. बापात स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो आणि अंडाशय त्याला नसतंच, त्यामुळे बिघाड त्याच्यात गुपचूप बसतो आणि मुलीत दिसतो. ज्या घरात एका पिढीत सगळे मुलगेच झाले, तिथे तर एक अख्खी पिढी काहीच दिसत नाही. घराण्यात नाही असं सगळे समजून चालतात आणि नातीला गाठ निघते. पुरुषही पूर्ण सुटत नाहीत. बीआरसीए-2 मधला बिघाड असलेल्या पुरुषांपैकी शंभरात सहा-सात जणांना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा धोकाही वाढतो. आपल्याकडे पुरुषाच्या छातीतली गाठ दाखवायला कुणी येत नाही. आला तरी लाजेनं उशिरा येतो.

आता आकडे. आपल्याकडे सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका शंभरात तीन-चार असा सांगितला जातो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो मुख्यतः पाश्चात्त्य घराण्यांचा होता, बीआरसीए-1 मध्ये बिघाड असलेल्या बायकांचा ऐंशीव्या वर्षापर्यंतचा धोका शंभरात 72 निघाला आणि बीआरसीए-2 मध्ये 69. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका अनुक्रमे 44 आणि 17. याशिवाय पीएएलबी-2 नावाचं जनुक आहे, त्यातला बिघाडही धोका बराच वाढवतो. एटीएम आणि सीएचईके-2 मधले बिघाड त्यामानानं कमी वाढवतात, साधारण दुपटीच्या आसपास. ज्यांचा एकेकटा परिणाम अगदी किरकोळ आहे असे आणखी शेकडो बारीक फरक माहीत झाले आहेत, पण त्यांचा हिशोब प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे. आपल्या गावातल्या बाईला तो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या आकड्यांनी कुणी घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींच्याच आजारामागे असा ठळक वारसा असतो. बाकीच्यांचा संबंध वय, हार्मोन, वजन, दारू अशा गोष्टींशी किंवा निव्वळ नशिबाशी. म्हणून घराण्यात कुणाला नसलेल्या बाईनं तपासणी टाळायची नाही, आणि साठीनंतर एखाद्या मावशीला गाठ झाली म्हणून पोरींनी झोप उडवून घ्यायची नाही. पण देशात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार नव्यानं होतो, हा 2022 चा जागतिक अंदाज धरला, तर त्यातले पाच ते दहा टक्के म्हणजेसुद्धा हजारो घरं. आणि प्रत्येक घरामागे बहिणी, मुली, चुलत-आते-मामे बहिणी. त्यांना आजार व्हायच्या आधी गाठता येतं. कॅन्सरमध्ये अशी संधी फार कमी ठिकाणी मिळते.

शिरोळकडे कुणाला कॅन्सर निघाला की पंचगंगेच्या पाण्याची आणि फवारणीच्या औषधांची चर्चा होते. त्याची चौकशी व्हायलाच हवी, मी त्या मागणीच्या विरोधात नाही. मात्र त्या चर्चेत घरातल्या बाकीच्या बायकांकडे बघायचं राहून जातं. एकाच घरात तिघींना झालं की लोक विहिरीकडे बोट दाखवतात, वंशावळ कुणी मांडत नाही.

आणि वंशावळ मांडूनच तर हा सगळा शोध लागलेला आहे. 1866 साली पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जननं आपल्या बायकोच्या माहेरच्या चार पिढ्यांमधल्या कॅन्सरची नोंद करून ठेवली होती. पुढे अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी 23 मोठी घराणी अभ्यासली, त्यांत स्तनाच्या कॅन्सरचे 146 रुग्ण होते. कमी वयात आजार झालेली घराणी वेगळी काढल्यावर चित्र स्पष्ट झालं आणि 1990 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की दोषी जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. जनुक प्रत्यक्ष हाती लागलं ते 1994 मध्ये, बीआरसीए-2 त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी आत्या-मावश्यांची चौकशी होती. आपल्या भागाला तर पिढ्या मोजणं मुळीच नवं नाही. हेळवी दारात येतो आणि पणजोबाच्या पणजोबापासूनची नावं घडाघडा सांगतो. त्यात आजारपणं नसतात, तेवढी आपण जोडून घ्यायची.

एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे अजून आहे, आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न म्हणजे घरातलंच सोयरं. अशा घरात ‘सासर’ आणि ‘माहेर’ ही दोन वेगळी घराणी राहत नाहीत. आजीकडून आलेला एकच बिघाड आतेभावातही असू शकतो आणि मामेबहिणीतही. दोघांतही तो बीआरसीए-2 चा किंवा पीएएलबी-2 चा असला, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशा बाळाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा गंभीर आजार होतो : रक्त तयार होत नाही आणि लहानपणीच कॅन्सर होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, मान्य. पण नात्यातली लग्नं होणाऱ्या जिल्ह्यात आरोग्यसेविकेला हे माहीतच नसावं, हे मला पटत नाही. ज्या घरात कमी वयातले स्तनाचे कॅन्सर आहेत आणि नात्यातली सोयरीकही ठरते आहे, तिथे लग्नाआधी सल्ला मिळाला पाहिजे. लग्न मोडण्यासाठी नाही, टेस्ट करून घेऊन डोळे उघडे ठेवून पुढे जाण्यासाठी.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात अवघड अडचण सांगते. प्रश्न छापला म्हणून उत्तर मिळेलच असं नाही. मी सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसून फॉर्म भरत असायची. सून चहा घेऊन यायची, सासू शेजारी तांदूळ निवडत बसलेली. मी विचारायची, “माहेरी कुणाला काही आजार?” सून एकदा सासूकडं बघायची आणि म्हणायची, “न्हाई ओ बाई, आमच्यात कुणाला काय न्हाई.” नंतर उपकेंद्रात बाळाला डोस द्यायला आली की तीच हळूच सांगायची, “बाई, माज्या आईला छातीचं झालं हुतं. घरात नगा सांगू.” तिचं चुकत नाही. पुढं तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं. हे रक्तात आहे असं एकदा गावात झालं की स्थळं यायची थांबतात, ही भीती खरी आहे.

म्हणून हा प्रश्न सोप्यावर विचारायचा नाही. उपकेंद्रात, एकटीला, दार लावून विचारायचा. नातेवाइकांची नावं लिहायची नाहीत. आत्या, वय अंदाजे चाळीस, स्तन, एवढी नोंद पुरे. आशा त्याच गावची असते, तिच्यावर गावाचा विश्वासही असतो आणि गावाचा डोळाही असतो. तेव्हा ही नोंद सीएचओकडे बंद राहिली पाहिजे, रजिस्टरमध्ये सगळ्यांना दिसेल अशी नाही. माझ्या भावात हा बिघाड निघाला. त्याच्या लग्नाच्या वयाच्या मुलीनं आधी समुपदेशन घेतलं आणि मग स्वतःच्या मर्जीनं टेस्ट केली. तिचा रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही, कारण तो तिचा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला एवढा मान मिळायला हवा.

विम्याबद्दलही विचारणा होईल. जनुकीय आजार असं सांगून कंपन्या दावे नाकारायच्या, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा सरसकट अटीला भेदभाव ठरवलं होतं. अमेरिकेत 2008 पासून यासाठी वेगळा कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. तोवर गुप्तता पाळणं हे आपल्याच हातात आहे.

काही वैद्यकीय अधिकारी म्हणतील, विचारून करायचं काय, उपाय कुठे आहे? उपाय आहेत. बिघाड असलेल्या बाईची पंचविशीपासून दरवर्षी स्तनाची एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करता येते. आपली नेहमीची तपासणी तिशीपासून सुरू होते आणि ती हातानं असते, ती हिच्यासाठी पुरेशी नाही. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी खात्रीची तपासणी आजही नाही, म्हणून मूलबाळ झाल्यावर बीआरसीए-1 असलेल्यांनी पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान आणि बीआरसीए-2 असलेल्यांनी चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान अंडाशयं आणि गर्भनलिका काढून घ्याव्यात असा सल्ला दिला जातो. स्तन आधीच काढून टाकण्याचाही पर्याय असतो, त्यानं धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो, पण तो निर्णय त्या बाईचा आणि फक्त तिचाच. आजार झालेलाच असेल तरी टेस्टचा उपयोग आहे, कारण ओलापॅरिबसारखी औषधं याच बिघाडावर नेम धरून काम करतात.

मात्र आधी समुपदेशन, मग टेस्ट, हा क्रम पाळावा. टेस्ट शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करायची. तिच्यात नेमका बिघाड सापडला की बाकीच्या नातेवाइकांचा तेवढाच तपासता येतो, खर्चही कमी येतो. अठराच्या आतल्या मुलींची करायची नाही. आणि रिपोर्टमध्ये ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असं आलं, जे आपल्या लोकांत बऱ्याचदा येतं कारण आपल्या नोंदीच जगात कमी आहेत, तर त्यावरून कुणाचंही ऑपरेशन करायचं नाही. माझ्यात घरातला बिघाड निघाला नाही. तरी मी मॅमोग्राफी चुकवत नाही, कारण सर्वसाधारण बाईइतका धोका मलाही आहे.

मा. महोदय, सीबॅक फॉर्म दिल्लीहून ठरतो, तो जिल्ह्यात बदलता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी वेगळी अर्धपानी चिठ्ठी मागते आहे. त्यात एवढंच असावं : आईकडच्या किंवा वडिलांकडच्या कुणा रक्ताच्या नातेवाईक बाईला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर, कुणाला दोन्ही स्तनांत, किंवा घराण्यातल्या कुणा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? आणि आई-वडील नात्यातले आहेत का? ज्या चिठ्ठीवर ‘होय’ आलं, ती बाई तिशीची व्हायची वाट न बघता पुढे पाठवावी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात महिन्यातून एक दिवस यासाठी ओपीडी ठेवता येईल. समुपदेशक नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून टाटाच्या मुंबई-खारघरच्या तज्ज्ञांशी बोलता येईल. टेस्टचा खर्च गरीब घरांना झेपणारा नाही, त्यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे तरतूद मागावी. आणि आशांवर हे आणखी एक फुकटचं काम म्हणून लादू नये, चिठ्ठीमागे मोबदला ठरवावा. त्यांच्याकडे आधीच किती रजिस्टरं आहेत, हे मी पाहिलेलं आहे.

ऑपरेशन करणाऱ्या शहरातल्या सर्जन मंडळींनाही विनंती : केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास नाही’ लिहिण्याआधी वडिलांच्या बहिणींचं एकदा विचारा.

चिठ्ठीचा नमुना मी तयार केला आहे, वंशावळ काढायची खूण-पद्धतही त्यावर दिली आहे. करवीर, राधानगरी, भुदरगड, कुठल्याही तालुक्यातल्या आशांच्या मासिक सभेत येऊन शिकवायला मी तयार आहे. मानधन नको. सभेची तारीख कळवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
करवीर, जि. कोल्हापूर